गिअरबॉक्सचं मागचं सील पुन्हा गळतंय, घरीच बदलावं का?

चौदाफुटी | रविवार, सकाळी ९:१०

नमस्कार मंडळी. माझी सहाचाकी चौदा फुटी गाडी आहे. वडिलांनी घेतलेली, आता मी चालवतो. मार्केट यार्डातून कांदा, एमआयडीसीतून चादर-टॉवेलचे गठ्ठे, मिळेल ते भाडं. बहुतेक फेऱ्या हैदराबाद लाइनच्या.

दोन महिन्यांपूर्वी गिअरबॉक्सच्या मागून ऑइल गळायला लागलं. एका गॅरेजात दाखवली, त्यांनी मागचं सील, म्हणजे ऑइल अडवणारी रबरी रिंग, बदललं. पंधरा दिवस कोरडी राहिली आणि पुन्हा सुरू. परत नेली तर म्हणाले, गाडी जुनी झाली की थोडं गळायचंच. रात्री उभी केली की सकाळी खाली हाताच्या पंजाएवढा डाग असतो. आठवड्याला ऑइलची पातळी बघून भर घालतोय.

आता हे काम मला स्वतः करायचंय. घरामागे पत्र्याचं शेड आहे, खाली सिमेंटचा सपाट कोबा. जॅक, दोन घोड्या (गाडीला खालून द्यायचे टेकू), गोटी पान्यांचा सेट आहे. घट्ट बसलेला भाग ओढून काढायचा पुलर नाही. सर्व्हिसिंग, ब्रेक, हबला ग्रीस ही कामं मीच करतो, पण गिअरबॉक्सला कधी हात लावलेला नाही. जमेल का? आणि पुन्हा गळू नये म्हणून नेमकं काय बघायचं?

विडीघरकुल | रविवार, ९:३२

जमेल. मागचं सील असेल तर.

गोटीपाना | रविवार, ९:५५

वरच्यांनी एका ओळीत सगळं सांगितलं, मी फोड करतो. गिअरबॉक्सला दोन मोठी सीलं असतात. एक पुढे, इनपुट शाफ्टवर, क्लचच्या बाजूला. ते गेलं तर ऑइल बेल हाउसिंगमध्ये, म्हणजे क्लचच्या कवचात उतरतं, क्लच प्लेट भिजते, क्लच सरकायला लागतो. त्यासाठी पूर्ण गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो आणि ते घरी एकट्याने करायचं काम नव्हे. दुसरं मागे, जिथून जॉइंट (मागच्या चाकांना फिरवणारा लांब दांडा) हाउसिंगकडे, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलकडे जातो तिथे. ते बाहेरूनच निघतं.

तेव्हा आधी गळती नक्की कुठली ते ठरवा. गाडी चालताना वारा ऑइल मागे ढकलतो, म्हणून जिथे ओलं दिसतं तिथूनच गळतं असं नसतं. गिअरबॉक्स डिझेलने धुवा, फडक्याने कोरडा करा आणि वर टाल्कम पावडर मारा. वीस-तीस किलोमीटर फिरवून आणा. पांढऱ्यावर ओली रेघ जिथून सुरू होते, ती जागा. स्पीडोमीटरच्या केबलजवळूनही गळतं, गिअर लिव्हरच्या कव्हरच्या पॅकिंगमधूनही गळतं, आणि दोन्हींचं ऑइल ओघळून शेवटी मागच्या सीलखालीच जमतं.

ऑइल बोटावर घेऊन वासही घ्या. गिअर ऑइलमध्ये गंधकाची रसायनं असतात, त्याला उग्र वास येतो आणि ते चिकट असतं. काळं, पातळ, त्या वासाचं नसलेलं ऑइल असेल तर ते इंजिनचं. मग गिअरबॉक्स खोलून उपयोग नाही.

हिशेबवही | रविवार, १०:२०

आमच्या घरी दोन गाड्या आहेत, हिशेब मी बघते. एक सांगते, गाडी एक दिवस उभी राहिली तर हप्ता थांबत नाही. घरी करायचं तर सगळं सामान आधी आणून ठेवा. आमच्याकडे एकदा शनिवारी संध्याकाळी खोलली, रविवारी सीलचं दुकान बंद, सोमवारी कळलं की तो नंबर पुण्याहून मागवावा लागतो. तीन दिवस गाडी शेडमध्ये आणि पार्टीचा माल दुसऱ्याच्या गाडीत गेला.

निवृत्त_चालक | रविवार, १०:४८

पोरा, सील-बिल नंतर. आधी माझं ऐक.

जॉइंट काढला की गाडी गिअरमध्ये टाकलेली असली तरी तिला कुणी धरत न्हाय. गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांचा संबंधच तुटतो. आणि तुझ्या गाडीचा हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागच्या ड्रमवर असला तर तो बी बिनकामाचा, कारण तो ड्रम जॉइंटच्या पुढं असतो. माणसाला वाटतं हँडब्रेक ओढलाय, गिअर टाकलाय, आता काय होतंय.

तुळजापूरच्या घाटाच्या पायथ्याला माझ्यासोबतची एक गाडी बंद पडली होती. क्लीनर खाली शिरला, जॉइंटचा शेवटचा बोल्ट काढला आणि गाडी हलली. उतार डोळ्यांना दिसत बी नव्हता. मागच्या चाकाला एक दगड होता, तो चेंगरून बाजूला झाला. पोरगं चेसिसला धरून फरफटत गेलं. जगलं, पण खांदा कायमचा गेला. तीस वर्षं झाली, अजून तो आवाज कानात हाय.

चारी बाजूंनी लाकडाचे गुटके लाव, पुढून बी आणि मागून बी. दगड नको, वीट तर अजिबात नको.

चौदाफुटी | रविवार, ११:३०

काका, अंगावर काटा आला. माझ्या गाडीचा हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागेच आहे, ड्रमचा. आणि सांगायचं राहिलं, महिनाभर तो धरतच नाहीये. केबल सैल झाली असेल म्हणून दोनदा ताणली.

गोटीपाना | रविवार, ११:४१

केबल नाही. सीलमधून आलेलं ऑइल ड्रममध्ये उडतंय आणि आतलं ब्रेकचं लायनर भिजलंय. म्हणजे गळती मागच्याच सीलची, हे जवळजवळ पक्कं झालं. तरी पावडर मारून बघाच. आणि नवीन लायनर यादीत लिहा. ऑइल प्यालेलं लायनर पेट्रोलने धुतलं तरी गरम झालं की आतलं ऑइल पुन्हा वर येतं.

हैदराबाद_लाइन | रविवार, दुपारी १:०५

मी वेगळं मत मांडतो. हे गॅरेजचं काम आहे, गॅरेजातच करावं. आपण चालक, आपलं काम स्टिअरिंगवर. त्या पोरांची पोटं त्यावर आहेत. शिवाय घरी चुकलं तर कुणाकडे बोट दाखवणार? मी नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद असा वर्षभर ये-जा करतो, प्रत्येक ठिकाणी एक मिस्त्री ठरलेला आहे. फोन केला की येतो.

हिशेबवही | रविवार, १:३०

दादा, चांगला मिस्त्री असेल तर तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण यांनी गॅरेजात करूनच पाहिलंय. पैसे दिले, पंधरा दिवसांत पुन्हा तेच, आणि वर "गाडी जुनी झाली" हे उत्तर. मग माणसाने काय करायचं?

टेक्निकल_मास्तर | रविवार, दुपारी ४:१५

मी आयटीआयला मोटर मेकॅनिकच्या मुलांना शिकवतो. धागा वाचून राहवलं नाही.

पंधरा दिवसांत पुन्हा गळलं याचा अर्थ, बहुधा सील हा आजार नव्हताच. सील म्हणजे रबराचा एक पातळ ओठ, मागे बारीक स्प्रिंग, आणि तो ओठ फिरत्या फ्लँजवर (शाफ्टच्या टोकाचा भाग, ज्याला जॉइंट बोल्टने जोडतात) टेकलेला. तो फाटतो किंवा कडक होतो याला कारणं असतात. ती तशीच ठेवून नवीन सील बसवलं की तेही जातं. मी मुलांना नवीन सील बसवण्याआधी तीन ठिकाणी बघायला लावतो.

पहिलं ब्रीदर. गिअरबॉक्सच्या वर एक छोटी टोपी किंवा नळी असते. गाडी चालली की आतली हवा तापून फुगते, ती तिथून बाहेर पडते. ही टोपी चिखलाने बुजली की हवेला वाट राहत नाही. मग ती ऑइलला सीलच्या ओठातून बाहेर ढकलते. आपल्याकडची काळी माती एकदा ओली होऊन वाळली की सिमेंटसारखी बसते. कांद्याच्या, उसाच्या शेतात जाणाऱ्या गाड्यांची ब्रीदरं मी कित्येकदा पूर्ण बंद पाहिली आहेत. नवं सील टाकूनही गळणाऱ्या गाडीत हे सगळ्यात आधी बघायचं, आणि यात खर्च शून्य.

दुसरं, शाफ्टचा खेळ. जॉइंट काढल्यावर फ्लँज दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. टकटक झालं तर आतलं बेअरिंग गेलंय. शाफ्टच डगमगत असेल तर कुठलाही ओठ त्याला धरून राहणार नाही. तसं निघालं तर तिथेच थांबा. सेंटर बेअरिंग (जॉइंटला मधे आधार देणारं) आणि जॉइंटचे क्रॉस, म्हणजे टोकांचे सांधेही हलवून बघा, त्यांच्या थरथरीनेही सील मरतं.

तिसरं, फ्लँजवरची खाच. सीलचा ओठ वर्षानुवर्षं एकाच जागी घासतो. मधे धूळ असते. रबर लोखंडाला कापतं, विश्वास बसत नाही पण कापतं. फ्लँज पुसून त्यावर नख आडवं फिरवा. नख अडकलं तर नवीन सील त्याच खाचेत बसणार आणि गळणार.

विडीघरकुल | रविवार, ४:४०

मास्तर, रबर लोखंडाला कापतं हे आमच्या आजीच्या विहिरीसारखं झालं. दोराने दगडाला खाचा पाडल्या होत्या.

टेक्निकल_मास्तर | रविवार, ४:५२

अगदी तसंच. उद्या वर्गात हेच उदाहरण देतो.

लेथवाला_अक्कलकोटरोड | रविवार, संध्याकाळी ६:२०

खाच निघाली तर काय, यावर लिहितो. तीन रस्ते आहेत. नवीन फ्लँज घ्यायचा, सगळ्यात चांगलं. किंवा घासलेल्या जागेवर पातळ स्टीलची बांगडी, म्हणजे स्लीव्ह चढवायची. मापाची मिळाली तर उत्तम चालते. तिसरं म्हणजे सील त्याच्या घरात (ज्या गोल भोकात ते बसतं तिथे) एक-दोन मिलिमीटर कमी-जास्त खोल बसवायचं, म्हणजे ओठ खाच सोडून ताज्या जागेवर टेकतो. हे प्रत्येक घरात जमत नाही, मागे टेकू असेल तर सील पुढे सरकत नाही.

लोक माझ्याकडे फ्लँज आणतात आणि म्हणतात, खाच जाईपर्यंत लेथवर उतरवून द्या. मी देत नाही. व्यास कमी झाला की सील ढिलं पडतं. कुणी वेल्डिंग भरून द्या म्हणतं. भरता येतं, पण नंतर ग्राइंडिंगने आरशासारखं करावं लागतं, नुसत्या लेथच्या रेघा ठेवल्या तर त्याच रेघांतून ऑइल चढतं.

पुलर माझ्याकडे बनवून मिळेल. जाड पट्टी, फ्लँजच्या दोन भोकांच्या मापाची छिद्रं, मधे एक मोठा बोल्ट. अर्ध्या तासाचं काम. फ्लँज हातोड्याने ठोकून काढू नका, धक्का थेट बेअरिंगला जातो.

पुणेनाका | रविवार, रात्री ८:००

एवढं सगळं कशाला? सीलच्या बाहेरून सिलिकॉनची ट्यूब फासा, विषय संपला. मी केलंय.

गोटीपाना | रविवार, ८:१२

किती दिवस टिकलं?

पुणेनाका | रविवार, ८:१५

गाडी विकेपर्यंत.

गोटीपाना | रविवार, ८:२६

बाहेरून फासलेलं सिलिकॉन फिरत्या भागावर टिकत नाही आणि सुटलेला तुकडा ड्रममध्ये जातो. ज्याने गाडी घेतली त्याचा घाटात हँडब्रेक धरला नाही तर? धागा नवीन मुलंही वाचतात म्हणून स्पष्ट लिहितोय: हे करू नका.

सिलिकॉनची एक योग्य जागा मात्र आहे. फ्लँजच्या आतल्या दात्यांमधूनही ऑइल बाहेर येतं आणि फ्लँज धरून ठेवणाऱ्या मोठ्या नटाखालून गळतं. सील नवं, फ्लँज नवा, तरी मधोमध ओलं दिसलं तर ते हेच. बसवताना दात्यांच्या बाहेरच्या टोकाला आणि वॉशरखाली पातळ हात द्या.

चौदाफुटी | सोमवार, सकाळी ७:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी धुऊन पावडर मारली, कुंभारीपर्यंत जाऊन आलो. ओली रेघ ड्रमच्या आतूनच सुरू होतेय. वरचं कव्हर, केबल कोरडी.

आणि मास्तर, ब्रीदर! हात घालून चाचपलं तर टोपी सापडेना. मातीचा गोळाच होता. स्क्रू ड्रायव्हरने खरवडल्यावर टोपी दिसली, ती फिरतही नव्हती. डिझेलमध्ये भिजवून आता मोकळी केलीय. गॅरेजवाल्याने वर हातही घातला नव्हता.

शनिवारी खोलतोय. क्रम कसा ठेवू?

टेक्निकल_मास्तर | सोमवार, रात्री ९:०५

सपाट कोब्यावर, चाकांना गुटके, बॅटरीची वायर काढलेली. गाडी जॅकवर उचलू नका, गरज नाही. ट्रकखाली सरपटत शिरायला जागा असते, आणि चाकांवर उभी असलेली गाडी घोडीवरच्या गाडीपेक्षा केव्हाही बरी.

आधी ऑइल काढा, गुटके लावायच्या आधीच गाडी थोडी फिरवून आणलेली असली की ते पटकन उतरतं. पण आधी वरचा भरायचा बोल्ट सैल होतोय का ते बघा. तो अडकला आणि ऑइल खाली काढून बसलात तर पंचाईत. खालच्या बोल्टच्या चुंबकावर बारीक करडा लगदा असणं नेहमीचं आहे. पितळेची चकाकी दिसली तर सिंक्रो रिंगा (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या) झिजताहेत, लोखंडाच्या चिपा दिसल्या तर बेअरिंग किंवा दाते.

जॉइंट काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर पंचने किंवा रंगाने समोरासमोर खूण करा. सरकता भाग निघाला तर त्यावरही. खूण चुकली आणि जॉइंट एक दाता जरी फिरून बसला तर गाडी ठराविक वेगाला थरथरते. जॉइंट लोंबकळत ठेवू नका, तारेने चेसिसला बांधा.

मग ड्रम, मोठा नट, पुलरने फ्लँज. जुनं सील काढताना छन्नी सीलच्या घराच्या भिंतीला घासू देऊ नका, तिथला ओरखडा म्हणजे गळतीची नवी वाट. नवीन सीलची स्प्रिंगवाली बाजू आत, ऑइलकडे. ओठावर थोडं ग्रीस, कोरडा ओठ पहिल्या किलोमीटरलाच जळतो. सीलवर थेट हातोडा नको. त्याच मापाचा पाइपचा तुकडा लावा आणि गोल फिरत हलके ठोके द्या. फ्लँज आत सरकवताना स्प्रिंग निसटत नाही ना, ते बोटाने बघा.

नट नवीन घ्या. त्याचा टॉर्क तुमच्या गाडीच्या पुस्तकात असेल तेवढाच. अंदाजाने पाइप घालून ताणू नका.

मंगळवेढा_मालदांडी | सोमवार, ९:४०

सील घेताना जुनं सील दुकानात घेऊन जा. त्यावर तीन आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. काही सीलांवर बाणही असतो, शाफ्ट कुठे फिरतो त्याचा. बाण उलटा आला तर ओठावरच्या रेघा ऑइल आत ओढण्याऐवजी बाहेर टाकतात. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि वर भरलेली गाडी, म्हणून मी नायट्राइल रबराऐवजी व्हायटन रबराचं घेतो. महाग पडतं पण उष्णता जास्त सोसतं.

हैदराबाद_लाइन | सोमवार, १०:१०

हे सगळं वाचून मान्य करतो, एवढं बघून काम करणारा मिस्त्री मलाही रोज भेटत नाही. ऑइल कुठलं टाकणार?

गोटीपाना | सोमवार, १०:२५

पुस्तकात आहे तेच. ८०डब्ल्यू-९० हा जाडीचा आकडा लिहिलाय म्हणून कुठलाही डबा उचलू नका, दर्जा जीएल-४ की जीएल-५ तेही बघा. हाउसिंगचं जीएल-५ ऑइल गिअरबॉक्समध्ये टाकलं तर काही गाड्यांत पितळी सिंक्रो रिंगांना त्रास होतो. भरताना भोकाच्या खालच्या काठापर्यंत, गाडी सपाटीला. जास्त भरलं तरी गळतं.

निवृत्त_चालक | सोमवार, १०:५०

आणि ते काळं ऑइल गटारात ओतू नका रे. आमच्या वेळी ओतायचो, कळत नव्हतं.

हिशेबवही | सोमवार, ११:०२

काका बरोबर. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांत घातक कचऱ्यात धरलंय. आम्ही डब्यात साठवतो आणि अधिकृत गोळा करणाऱ्याला देतो.

चौदाफुटी | रविवार, रात्री ९:३०

झालं. सविस्तर लिहितो.

शुक्रवारी लेथवाले दादांकडून पुलर बनवून आणला. त्यांनी सीलचं माप विचारलं आणि पाइपचा एक तुकडाही तोंड सपाट करून दिला. शनिवारी सकाळी सहाला वडील शेडमध्ये खुर्ची टाकून बसले. गुटके त्यांनी स्वतः लावले, प्रत्येक गुटक्याला लाथ मारून बघितली, आणि मगच मला खाली जाऊ दिलं.

मोठ्या नटाने दोन तास घेतले. फ्लँजला लांब पट्टी बोल्टने बांधली, तिचं टोक चेसिसला टेकवलं, तेव्हा कुठे हलला. चुंबकावर फक्त लगदा, पितळ नाही. शाफ्टला खेळ नाही, त्या क्षणी हायसं वाटलं.

मग फ्लँज पुसला आणि नख फिरवलं. अडकलं. डोळ्यांनी नुसती चकचकीत रेघ दिसते, पण नख पूर्ण थांबतं. म्हणजे आधीचं नवं सील या खाचेत बसवलं होतं, वरून ब्रीदर बंद. त्या सीलच्या काठावर हातोड्याचे दोन पोचेही होते.

स्लीव्ह मापाची मिळाली नाही, नवीन फ्लँज दुपारपर्यंत मिळाला. सील व्हायटनचं, लायनर नवं, नट नवा. टॉर्क पाना मास्तरांच्या सांगण्यावरून एका ओळखीच्या शोरूमवाल्याकडून दोन तासांसाठी आणला. संध्याकाळी साडेसातला ऑइल भरलं. आज तुळजापूरचा घाट चढून-उतरून आलो. उतारावर हँडब्रेक ओढून गाडी थांबवून बघितली, जागेवर उभी. घरी आल्यावर वडील विजेरी घेऊन खाली वाकले, बोट फिरवलं आणि कोरडं बोट मला दाखवलं.

निवृत्त_चालक | रविवार, ९:४८

वडिलांना माझा नमस्कार सांग. लाथ मारून बघितली ना गुटक्याला, बास.

लेथवाला_अक्कलकोटरोड | रविवार, १०:०५

जुना फ्लँज टाकू नका, माझ्याकडे आणून द्या. स्लीव्ह मिळाली की चढवून ठेवतो, कधीतरी अडीनडीला लागेल.

गोटीपाना | रविवार, १०:१५

पाचशे किलोमीटरनंतर जॉइंटचे बोल्ट आणि ऑइलची पातळी एकदा बघा. पहिल्या दोन दिवसांत थोडं ओलसर दिसलं तर घाबरू नका, ओठावरचं ग्रीस वितळतं.

पुणेनाका | रविवार, १०:३०

माझ्या आत्ताच्या गाडीचंही मागून ओलं दिसतंय. ट्यूब फासायला निघालो होतो, थांबलो. पुलर मिळेल का एक दिवस?

चौदाफुटी | रविवार, १०:३८

मिळेल की. उद्या पहाटे कांदा भरून हैदराबादला निघतोय, बुधवारी परत. गुरुवारी या, पुलर, पाइप आणि चारही गुटके घेऊन जा. आधी ब्रीदर बघून ठेवा.